निमंत्रणाने वाचलेले जीव

स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं, त्याचंच पातळ द्रावण कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी जिथे बिघडू लागल्या असतील, तिथे पांढरा डाग उमटतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही की वीज खाणारं यंत्र. डाग खरोखरच धोक्याचा निघाला, तर तेवढा भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नाहीसा करता येतो, तोही कर्करोग होण्याआधी. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग चिवटपणे टिकला, तर त्याचा कर्करोग व्हायला बहुधा 10 ते 20 वर्षं लागतात. शरीराने इतकी सवड देणं, हे आजारांच्या जगात फार दुर्मीळ आहे.

तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 30 ते 49 वयाच्या ज्या भारतीय महिलांची ही तपासणी कधी ना कधी झाली होती, त्यांचं प्रमाण 2 टक्क्यांच्याही खाली भरलं. तपासणी आहे, उपचार आहे, सवड आहे. घोडं अडतं ते घराचा उंबरा आणि तपासणीची खोली यांच्या मधल्या वाटेवर. ही वाट मोकळी करण्याचं काम रुग्णालयाच्या प्रसिद्धी मोहिमेचं. आपण तिला फ्लेक्स, पत्रकं आणि उद्घाटनाचा फोटो एवढंच समजतो. प्रत्यक्षात नीट आखलेली मोहीम माणसं वाचवते, आणि याचे पुरावे आकड्यांत आहेत.

पहिला पुरावा परदेशातला. ब्रिटनमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी 1960 च्या दशकापासून होत होती, पण ज्या बायकांना गरज जास्त, त्याच येत नव्हत्या. 1988 मध्ये इंग्लंडने एक साधी गोष्ट केली. संगणकातल्या यादीवरून प्रत्येक पात्र बाईला तिच्या नावाने पत्र पाठवायला सुरुवात झाली. पुढे 1990 मध्ये फॅमिली डॉक्टरांच्या मानधनाचीही त्याला जोड मिळाली. तपासणीची व्याप्ती 42 टक्के होती, ती 1994 पर्यंत 85 टक्क्यांवर गेली आणि मृत्यू झपाट्याने घटू लागले. तपासणी जुनीच होती, नवं होतं ते बोलावणं.

दुसरा पुरावा आपल्या घरचा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी मिळवायच्या तर गावोगाव फिरणं भाग होतं. फिरणारे कार्यकर्ते लोकांशी बोलू लागले: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागलं, तर वाट पाहू नका, दाखवा. कुणाचीही तपासणी न करता, नुसतं एवढं बोलून काय झालं असेल? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या बायका रुग्णालयात येत, त्यांच्यात लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1995 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. शब्दांनी आजाराचा टप्पा बदलला होता.

मग याच मंडळींच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये मोठा प्रयोग सुरू झाला. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी महिला होत्या. आरोग्य कर्मचारी घरोघरी गेले, समजावून सांगितलं, तपासणीचं बोलावणं दिलं. ज्यांना बोलावलं, त्यांतल्या 10 पैकी जवळपास 8 जणी आल्या. निकाल 2009 मध्ये आला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणीसाठी बोलावलं होतं, त्यातल्या 34,126 महिलांपैकी या कर्करोगाने 34 जणी दगावल्या. नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या 31,488 जणींच्या गटात 64 जणी गेल्या. मृत्यू जवळपास निम्मे! चाचणी उत्तम होती, यात शंका नाही. पण त्या आठ जणी आल्याच नसत्या, तर ती चाचणी बाटलीतच राहिली असती. याच प्रयोगातल्या दुसऱ्या एका गटात केलेल्या आम्लाच्या साध्या तपासणीचा ठळक लाभ दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र टाटा मेमोरियलने 1998 पासून दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत तीच तपासणी केली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. ती करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकून चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला. पुन्हा पुन्हा बोलावणं आणि बायकांनी पुन्हा पुन्हा येणं, हा त्या यशाचा मोठा भाग.

आता रत्नागिरीकडे या. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने या जिल्ह्यात गावोगावच्या कर्करोग तपासणीचं काम केलेलं आहे. उद्या जिल्ह्यातल्या आणखी एखाद्या रुग्णालयाने महिलांसाठी असा नवा कार्यक्रम काढला, तर त्याची मोहीम कशी आखावी?

पहिला आकडा जनगणनेचा. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर 1,000 पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. कारण उघड आहे: पुरुष मुंबईला. म्हणजे ज्यांची तपासणी करायची, त्या बायका मंडणगडपासून राजापूरपर्यंत डोंगरउतारांवरच्या वाड्यांत, आणि "जाऊ का?" हा प्रश्न मात्र फोनवरून नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला विचारला जाणार. तेव्हा मोहिमेचं अर्धं काम मुंबईत करावं लागेल. कोकणातल्या गावागावाचं, कित्येकदा वाडीवाडीचं मुंबईत मंडळ असतं. त्याच्या सभेत दहा मिनिटं मिळाली, तर ती हमरस्त्यावरच्या मोठ्या फलकापेक्षा मोलाची.

दुसरं, दिनदर्शिका. जून-जुलैत लावणी; तेव्हा बाई गुडघाभर चिखलात असते, शिबिराला कोण येणार? गणपतीत घर भरलेलं, चुलीपासून उसंत नाही. मग भातकापणी. मार्चपासून शिमगा, पालख्या, आणि पाठोपाठ आंबा-काजूची धांदल. उरतात कापणीनंतरचे, शिमग्याआधीचे महिने. तपासणीच्या तारखा तिथेच टाकाव्यात. पण विषय काढायचा गणपतीतच, कारण चाकरमानी घरी असतो आणि नवरा-बायको-सासू एका छपराखाली असतात.

तिसरं, सांगणार कोण? आशाताई, उपकेंद्रातली सिस्टर, बचत गटाची अध्यक्ष, आणि सर्वांत वजनदार शब्द त्या शेजारणीचा, जी स्वतः तपासून आली आहे. चौथं, सांगायचं काय? "कर्करोगापासून सावधान" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं की घाबरलेलं माणूस नजर फिरवून निघून जातं. त्यापेक्षा बाईच्या मनातल्या शंकांना सरळ उत्तरं द्यावीत. तपासणारी बाईच असेल. दुखणार नाही, थोडं अवघडल्यासारखं होईल. काही मिनिटांत मोकळ्या व्हाल. अमुक वारी, अमुक शाळेत, परतीची एसटी इतक्या वाजता. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. "मला काही होत नाही, मग कशाला?" या प्रश्नाचं उत्तर तर पहिल्याच ओळीत हवं: काही होत नसतानाच करायची ही तपासणी आहे.

कायद्याचंही भान हवं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार डॉक्टरने रुग्ण ओढण्यासाठी स्वतःची जाहिरात करायची नसते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. म्हणून पोस्टरवर डॉक्टरांचा चेहरा आणि खात्रीचे शब्द नकोत. तारीख, ठिकाण, खर्च आणि पुढची सोय एवढं पुरे.

या सगळ्याच्या आधीची अट मात्र एकच. डाग सापडलेल्या बाईचा उपचार कुठे, कधी आणि कुणाच्या खर्चाने होणार, हे ठरल्याशिवाय एकही पत्रक छापू नये. तिला भीती देऊन घरी पाठवणं हे न बोलावण्यापेक्षा वाईट. मोहिमेचं यशही शिबिराच्या गर्दीवरून मोजू नये. दोष सापडलेल्यांपैकी किती जणींचा उपचार पूर्ण झाला, आणि काही वर्षांनी कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला का, हे दोन आकडे रुग्णालयाने दरवर्षी जाहीर करावेत.

केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या प्रत्येक महिलेची ही तपासणी दर 5 वर्षांनी व्हायला हवी. तुमच्या घरात त्या वयाची कुणी असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात तारीख विचारा आणि त्या दिवशी तिच्यासोबत जा.