दीड तासापलीकडचं घर

बदलापूरला घर परवडतं ते रेल्वेच्या पासामुळे. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशांत मिळतो आणि त्यावर महिनाभर जा-ये होते. जून २०१४ मध्ये हा हिशोब तीस तिकिटांवर न्यायचं ठरलं होतं, तेव्हा आमच्या डब्यात दुसरा विषयच नव्हता. सरकारने तो निर्णय लगेच मागे घेतला म्हणून निभावलं.

लालबागची चाळीतली खोली सोडायचं ठरवलं तेव्हा आम्ही दोघांनी कर्जाच्या हप्त्याखाली दोन पासांचे पैसे लिहिले आणि बेरीज केली. मुलुंडला ती जमत नव्हती, डोंबिवलीलाही नाही. बदलापूरला जमली. अशी बेरीज कितीतरी घरांनी केली असणार, कारण २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं कुळगाव-बदलापूर २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं होतं. त्यानंतरही इमारती उठतच आहेत.

सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. जलद गाडीलाही दीड तास लागतो, घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत दोनाच्या वर. आणि हे गाडी वेळेवर असेल तर. कल्याणपर्यंत जलद आणि धीम्या गाड्यांचे रूळ वेगळे आहेत. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला दोनच, एक जायचा, एक यायचा. त्यावरूनच लोकल धावते, पुण्याच्या गाड्या जातात, मालगाड्याही. उशिरा आलेली एखादी एक्स्प्रेस पुढे काढली की आमची गाडी विठ्ठलवाडीच्या अलीकडे उभी. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम सुरू झालंय, ते लवकर व्हायला हवं.

ऑगस्ट २०२२ मध्ये संध्याकाळची एक साधी लोकल काढून तिच्या जागी एसी गाडी आणली, तेव्हा बदलापूरचे प्रवासी स्टेशनात जमून भांडले. बाहेरच्यांना वाटलं, यांना थंड हवा नको की काय! दुसऱ्या वर्गाचा पास एसीत चालत नाही. आमच्या दृष्टीने ती गाडी रद्दच झाली होती. शेवटी रेल्वेला वाढवलेल्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

पंधरा मिनिटं उशीर म्हणजे काय, हे पाळणाघरात कळतं. माझी मुलगी लहान असताना शेजारच्या इमारतीतल्या काकूंकडे असायची. वेळ साडेसातपर्यंत ठरलेली. गाडी मध्येच थांबली की लेडीज डब्यातल्या चार-पाच जणींचे फोन एकदम बाहेर यायचे आणि वाक्य एकच, ‘काकू, पोचतेच हं.’ काकूंनी जास्तीचे पैसे कधी मागितले नाहीत. मुलीला आपल्या नातवाशेजारी बसवून वरणभात भरवला. स्टेशनाबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या बायकाही तशाच, शेवटच्या गर्दीपर्यंत तवा उतरवत नाहीत. नवऱ्याची गाडी चुकली तर त्याचं ताट झाकून ठेवतात. बाईची चुकली तर सगळ्या घराचं जेवण लांबतं. मुंबईची ऑफिसं वेळेवर चालतात ती अशा बायकांच्या जिवावर, आणि स्वस्त घरांच्या जाहिरातीत, धोरणात त्यांचा उल्लेखही नसतो. मला याचा राग येतो.

गाव मात्र माझं झालंय. पावसाळ्याच्या तोंडाला आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, मग टाकळा, भारंगी येते. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. गच्चीवरून डोंगर दिसतो. मुलीला खेळायला अंगण मिळालं, सासूबाईंना सकाळी फिरायला रस्ता.

नदीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीलगत घर घेणाऱ्याने पूररेषेचा नकाशा मागावा. त्यावरची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. दोन्हींच्या बाहेर घर असेल तर उत्तम. निळीच्या आत असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

ऑफिसातली एक मैत्रीण सध्या वांगणीला घर बघतेय. तिला म्हटलं, रविवारी बिल्डरच्या गाडीतून येऊ नकोस. मंगळवारी-बुधवारी ऑफिस सुटल्यावर लोकलने ये. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, ते वॉचमनला विचार. तळमजल्यात पाणी कधी शिरलं होतं, ते समोरच्या वाण्याला विचार. आणि जवळचं पाळणाघर किती वाजता बंद होतं, ते सगळ्यात आधी.