जुळ्यांची मेंढी

दिवाळीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नानाच्या घाईत असतो, त्या सुमारास माणदेशातला धनगर घोड्यावर बिऱ्हाड लादून चाऱ्याच्या शोधात वाटेला लागलेला असतो. दहिवडी-म्हसवडकडचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. तिथे पीक हुलकावणी देते, पण मेंढी तगते. काळी, राठ लोकरीची ही दख्खनी मेंढी ऊन सोसते, मैलोगणती चालते आणि वाळल्या गवतावर दिवस काढते. घोंगडी आपल्याला ठाऊक असते ती हिच्याच लोकरीची.

पण या गुणी जनावराचा एक हिशेब धनगराला परवडत नाही. एका वेताला बहुधा एकच कोकरू! लोकरीला भाव उरलेला नाही. प्रपंच चालतो तो कोकरे विकून. तेवढे एक दगावले, की मेंढीचे ते वेत वाया गेले.

माणच्या शेजारी फलटणला बनविहारी निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिथे हा प्रश्न धसास लागला, आणि त्याचे उत्तर सापडले थेट बंगालच्या सुंदरबनात. तिथल्या दलदलीत गारोल नावाची मेंढी आहे. व्याली की दोन, कधी तीन कोकरे. मात्र वजन जेमतेम दहा-पंधरा किलो. तिचे कोकरू खाटकाच्या तागडीत भरणार ते काय? तेव्हा हवी होती अंगाने दख्खनी आणि कुशीने गारोल अशी मेंढी.

संकर करणे सोपे असते. पुढच्या पिढ्यांत नेमका हवा तो गुण टिकला की नाही, हे ओळखणे अवघड. मेंढीचे वेत होईपर्यंत वाट पाहावी लागते. आणि मेंढ्याचे काय? तो तर विणारच नाही! जुळ्यांचा गुण त्याच्या अंगात असूनही दिसायचा नाही.

इथे जनुकशास्त्र मदतीला आले. ऑस्ट्रेलियातील बूरुला मेरिनो मेंढ्याही अशाच बहुप्रसवा. त्यांच्यातला हा गुण १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून तिकडे गेलेल्या बंगाली मेंढ्यांचा असावा, असे मानतात. २००१ साली उलगडा झाला, की जनुकाच्या लांबलचक पोथीत एकच अक्षर बदललेले आहे आणि त्यामुळे एकाऐवजी अधिक बीजे एकदम पक्व होतात. आता कोकराच्या रक्ताच्या थेंबावरून ते अक्षर वाचता येऊ लागले. फलटणच्या कामी ही तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने झाली. अक्षर असलेला मेंढा ठेवायचा, त्याला पुन्हा दख्खनी मेंढ्या दाखवायच्या. पिढीगणिक गारोलचे लहान अंग मागे पडते, ते अक्षर तेवढे राहते.

१९९१ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी डुकरांमध्ये असेच एक अक्षर हुडकले होते. भरपूर मांस चढलेली ती डुकरे गाडीत चढवताना नुसत्या ताणाने अंग तापून मरत. तिकडे ते अक्षर कळपातून काढून टाकायचे होते. फलटणला दुसरे एक अक्षर कळपात आणायचे होते. वाचण्याची विद्या मात्र एकच.

चंदा निंबकर यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ही जात ‘नारी सुवर्णा’ म्हणून ओळखली जाते आणि तिचे मेंढे धनगरांच्या कळपांत गेले आहेत. मला यातला मोह आवरण्याचा भाग अधिक आवडला. हे अक्षर आई-बाप दोघांकडून आले, तर तिळ्यांची शक्यता वाढते. आणि मेंढीला सड दोनच! एका बाजूनेच आले तर कधी एक, कधी जुळी. तेवढे माणदेशाला सोसते. जुळी पोसणाऱ्या मेंढीला थोडा खुराक लागतोच, आणि दुष्काळात तो आणायचा कोठून, हा प्रश्न रक्ताच्या थेंबात सुटत नाही. अशा वेळी वाड्यावरची धनगरीण अशक्त कोकरू उचलते आणि कळपातल्या एखाद्या दुभत्या शेळीच्या सडाला लावते.