गुळवेल ओरबाडू नका, काडीपासून लावा

करोनाच्या वर्षी आमच्या वस्तीमागच्या कडुनिंबावरची गुळवेल महिनाभरात संपली. कुणी काढ्यासाठी नेली, कुणी विकायला, आणि शेवटी कुणीतरी मुळासकट उपटली. बुंध्याची हातभर वेल ठेवली असती तरी ती पुन्हा फुटली असती. तोडलेली गुळवेल झाडावर लोंबत राहिली तरी लवकर वाळत नाही. दोऱ्यासारखी मुळं खाली सोडून माती शोधते. संस्कृतात तिला अमृता म्हणतात, ते उगीच नाही.

आधी नीट ओळखा. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत असतं. जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ सुटते, आतला भाग हिरवा असतो. खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. खोडावर चामखिळीसारखे दाट फोड असतील, तर ती तिच्या जातीची दुसरी वेल समजा आणि सोडून द्या.

पावसाच्या तोंडाला, फार तर वर्षावास सुरू होईपर्यंत, काड्या लावा. पेन्सिल ते बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांब, दोन-तीन पेरं असलेली काडी घ्या. वरचा काप तिरका, खालचा सरळ ठेवा. वर-खाली गफलत होते, आणि उलटी लावलेली काडी बहुधा कुजते. पानं काढून टाका. रंगाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडा (डबा आधी खरवडून, नीट धुऊन घ्या), माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरा. निदान एक पेर मातीत जाईल अशी काडी खोचा. डबा सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नको.

हिरवा कोंब दिसला की पोरं काडी उपटून मुळं बघतात. तेवढं करू देऊ नका. खोडात साठलेल्या अन्नावर कोंब आधी येतो, मुळं मागाहून धरतात. महिन्याभरानं ती विहाराच्या आवारातल्या कडुनिंबाखाली लावा, किंवा डब्यातच ठेवून सुतळीनं पत्र्यावर चढवा. गटाराकाठी मात्र नको. वेल चांगली जाड झाल्यावर खालचा दोन फूट भाग राखून वरचीच तोडा.

आता काढ्याबद्दल. घरची वेल म्हणून रोज चहासारखा पिऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती, असा आक्षेप घेतला. वाद काही असो, टीबीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, संधिवात, लिव्हरचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा तिथंच थांबवा आणि दवाखाना गाठा. तिथं गुळवेल घेत होतो हे सांगा. "ते काय औषध आहे?" म्हणून बरेच जण सांगतच नाहीत.