जपानी भाषेची शिक्षिका व्हायचंय? आधी पैशाचा हिशेब समजून घेऊ

'सर, जपानी शिकून टीचर होता येतं का?' बारावीच्या एका मुलीने आम्हाला हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही दोन क्षण गप्पच झालो. तिचे अब्बा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा सीझन संपला की हातचं काम जातं. म्हणजे तिला भाषेआधी फीची फिकीर होती.

होता येतं. सीबीएसईने २००६ पासून सहावीपुढे जपानी हा ऐच्छिक विषय ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांमध्ये जपानीचं नाव आहे. २०१७ मध्ये भारत-जपान करार झाला, त्यात पाच वर्षांत एक हजार जपानी शिक्षक घडवायचं ठरलं होतं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत तर मुलांनी स्वतःहून जपानी निवडली. शिकवायला शिक्षक नव्हता, म्हणून आधी इंटरनेटवरचे व्हिडिओ अन् मग एका जाणकाराचे ऑनलाइन वर्ग!

आपल्या मुलांना ही भाषा वाटते तेवढी परकी नाही. जपानीत 'वाताशि वा गाक्को नि इकिमासु' म्हणजे 'मी शाळेला जाते'. 'नि' आपल्या 'ला'सारखा शब्दाच्या मागे येतो आणि क्रियापद मराठी-उर्दूसारखं शेवटी. लिपी मात्र घाम काढते.

आता पैसा. सुरुवात जवळून करावी. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय विद्यापीठ आहे आणि तिथे जपानीचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. यंदा प्रवेश आहे का, हे आधी विचारून घ्या. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातही सोय आहे, पण पुण्यात फीपेक्षा खोलीभाडं आणि मेसच महाग पडते.

शाळेत नोकरी हवी तर पदवीनंतर बीएड लागतंच. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत ही माफी नाही. इथेच बरेच वालदैन फसतात. एजंट 'सीट पक्की' म्हणतो आणि सवलत हातची जाते. आपल्यातल्या बागवान, अत्तार, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत, तरी जातीचा दाखला काढायला आपण बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबतो. का, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

मुलांसाठी महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज योजना आणि राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. नोंदणीकृत मजूर किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याचं मूल असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही बघावा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसाही अडकतो. आमच्या एका विद्यार्थ्याचं पूर्ण वर्ष याच एका कारणाने कोरडं गेलं.

पुढची पायरी जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती. विद्यापीठात जपानी भाषा-संस्कृती हाच मुख्य विषय घेतलेल्यांना सुमारे वर्षभर जपानमध्ये शिकता येतं. फी आणि विमानभाडं त्यांचं, शिवाय महिन्याला सुमारे १,१७,००० येन, म्हणजे साठ हजार रुपयांच्या वरच. नोकरीतल्या शिक्षकांसाठी याच शिष्यवृत्तीत वेगळा गट आहे. त्याला वयाची पस्तीसची अट आणि किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. अर्ज दूतावासाकडे करायचा असतो, त्याला फी नाही. कोणी फी मागितली तर समजून जा. जपान फाउंडेशनही परदेशातल्या जपानी शिक्षकांना सायतामातल्या उरावा केंद्रात प्रशिक्षण देतं.

एक गोष्ट आम्ही त्या मुलीला स्पष्टच सांगितली. जपानीच्या नोकऱ्या मुख्यतः पुण्या-मुंबईच्या खासगी शाळांत, हिंगणघाटात नाहीत. म्हणून बीएडला इंग्रजी किंवा उर्दूची पद्धती घे, आणि जपानीची जेएलपीटी परीक्षा सोबत देत राहा. पुण्यात तिचं केंद्र असतं. सर्वांत सोपी पातळी एन-५, सर्वांत कठीण एन-१.

तिने वहीत सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, 'सर, उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो?' दुसऱ्या दिवशी अब्बा सुट्टी काढून तहसीलला गेले होते.