चिरुटासाठी बेताच्या किमतीचा लायटर

एका शिक्षिकेने लायटर या विषयावर बोलावे हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. मलाही ते प्रथम तसेच वाटले होते. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्यावर तसा प्रसंगच आला. डोकमर्डीला आमच्या घरी माझे वृद्ध मामा राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. रात्रीची प्रार्थना व जेवण आटोपले की ओटीवर बसून एक चिरूट ओढायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. डॉक्टरांनी सांगून पाहिले, मीही सांगून पाहिले. चिरुटाचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे भय टळत नाही, हे मी त्यांना वाचून दाखविले. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि काडी ओढली.

अलीकडे मात्र त्यांचा उजवा हात कापू लागला आहे. विडी चटकन पेटते. चिरुटाचे जाड टोक सगळीकडून सारखे पेटावयास वेळ लागतो, आणि तोवर काडी बोटांपर्यंत जळत येते. एके रात्री जळती काडी त्यांच्या मांडीवर पडली. लुंगीला रुपयाएवढे भोक पडले. त्वचेला चटका बसला तो थोडक्यात निभावला. तेव्हा मामा म्हणाले, "बाय, मला एक लायटर आणून दे. पण महागाचा नको हो. माझे पेन्शन तुला ठाऊक आहे."

मी पानाच्या टपरीवर गेले. एका बाईमाणसाने लायटर मागितल्यामुळे टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले त्यांचे वर्णन करीत नाही. त्याने दिलेला रंगीत प्लॅस्टिकचा लायटर चार दिवसांत मामांच्या खिशातच रिता झाला, कारण त्याची झडप नीट मिटत नव्हती. खिशात गॅस गळतो आणि माणूस चूल पेटवावयास बसतो, ही कल्पना मनात येताच माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मग मात्र मी या वस्तूची थोडी माहिती करून घेतली.

आपल्याकडील जुन्या माणसांजवळ चकमक असे. गारेवर पोलाद घासले की पोलादाचा सूक्ष्म कण तुटतो, घर्षणाने तापतो आणि हवेत जळू लागतो. ती ठिणगी सावरीच्या कापसावर झेलावयाची. लायटरमध्ये प्रकार उलटा आहे. तेथे चाक पोलादाचे, आणि ज्याला आपण खडा म्हणतो ती गार नव्हेच. तो सीरियम, लँथॅनम यांसारख्या धातूंचा लोखंडाशी केलेला मिश्रधातू होय. चाकाच्या दातांनी त्याचा चुरा निघतो आणि तो चुरा हवा लागताच पेटतो. १९०३ साली हा मिश्रधातू काढला कार्ल आउअर फोन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने. लग्नमंडपातील गॅसबत्तीला जे जाळीदार मँटल लावीत, ते याच गृहस्थाने १८८५ च्या सुमारास शोधलेले. मँटलसाठी लागणारे थोरियम मोनॅझाईट नावाच्या वाळूतून काढीत. (१९०९ साली ही वाळू आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरही सापडली.) थोरियम काढून घेतल्यावर जो गाळ निरुपयोगी म्हणून उरे, त्यात सीरियम विपुल असे. त्या टाकाऊ मालाचे काय करावे या विवंचनेतून लायटरचा खडा जन्मास आला.

आता इंधन. जुन्या पद्धतीच्या लायटरात कापूस भरलेला असतो, त्यावर पेट्रोलसारखे पातळ तेल ओततात आणि ते वातीवाटे वर चढते. हा लायटर वाऱ्यात टिकतो व वर्षानुवर्षे चालतो. पण न वापरता ठेवला तरी आठ-दहा दिवसांत तेल उडून जाते. शिवाय त्याचा वास चिरुटास लागतो. पहिल्या झुरक्याला तोंडात घासलेटाची चव आली तर त्या चिरुटाचे पैसे वाया गेले म्हणावयाचे. सबब चिरुटासाठी गॅसचाच लायटर घ्यावा. ब्यूटेन वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. हा वायू शून्य अंशाच्या आसपास उकळतो, म्हणून आपल्या हवेत त्याला द्रवरूपात ठेवावयाचे तर बंद टाकीत दाबाखाली कोंडावे लागते. पारदर्शक लायटरात जे पाण्यासारखे हेलकावताना दिसते ते हेच. ऊन वाढले की दाब वाढतो, हे ध्यानात ठेवून मे महिन्यात बंद मोटारीत किंवा चुलीशेजारी लायटर कधीही ठेवू नये.

गॅसच्या लायटरांत दोन जाती. एकाची ज्योत मेणबत्तीसारखी पिवळी व मऊ असते. दुसऱ्यात गॅस पेटण्यापूर्वीच हवेशी मिसळतो आणि निळी, सुईसारखी ज्योत फुसफुसत बाहेर पडते. दुकानदार हा दुसरा "खास सिगारचा" म्हणून पुढे करतात. वाऱ्यावर तो खरोखर उपयोगी आहे. परंतु गॅस फार पितो, त्याचे बारीक छिद्र हलक्या प्रतीच्या गॅसने चोंदते, आणि एकाच जागी धरला तर तंबाखू पेटण्याऐवजी कोळसा होते. घरात बसून ओढणाऱ्याला मऊ ज्योत पुरते. ज्योत चिरुटाला चिकटवू नये. टोक तिच्यावर किंचित उंच धरून फिरवीत राहावे, कडा सारखी लाल झाली की मगच ओढावे.

किमतीविषयी खरे सांगावयाचे तर सर्वांत स्वस्त विस्तव अजूनही काडेपेटीतच आहे. १ डिसेंबर २०२१ पासून पेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली, ती चौदा वर्षांनंतर. तरीही रोज एक चिरूट ओढणाऱ्यास एक पेटी दोन आठवडे सहज पुरते. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा अंबरनाथचा कारखाना आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आज हा धंदा मुख्यतः तामिळनाडूत शिवकाशी, कोविलपट्टी या भागात आहे आणि तेथे हजारो बायकांचे पोट त्यावर चालते. त्यांच्यासाठी सरकारने जून २०२३ मध्ये वीस रुपयांहून कमी आयात-मूल्याचे लायटर परदेशातून आणण्यास मनाई केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुट्या भागांनाही. देशात बनलेल्या स्वस्त लायटरांना ही मनाई नाही, म्हणून टपरीवर ते दिसतातच.

अशी मनाई नवी नव्हे. दादरा व नगर हवेलीवर १९५४ पर्यंत ज्यांचे राज्य होते त्या पोर्तुगीजांच्या मायदेशी नोव्हेंबर १९३७ मध्ये कायदा झाला की घराबाहेर लायटर वापरावयाचा तर सरकारी परवाना हवा. परवाना नसल्यास दंड अडीचशे एस्कुदो, शिवाय लायटर जप्त! तेथेही हेतू काडेपेटीचा धंदा राखण्याचाच होता. मे १९७० मध्ये तो कायदा रद्द झाला. छपराखाली परवाना लागत नसे, म्हणून काही खट्याळ विद्यार्थी डोक्यावर कौल धरून सिगारेट पेटवीत, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, माझ्या वर्गातील मुलांना ती फार आवडते. आमची हल्लीची मनाई मला काहीशी पटते, पण शिवकाशीपेक्षा दमणगंगेच्या काठी पडलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या लायटरांचे ढीग पाहून अधिक पटते.

ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनी पुन्हा भरता येईल असाच लायटर घ्यावा. बुडाशी गॅस भरण्याची झडप हवी, खडा बदलण्याची सोय हवी, ज्योत कमीजास्त करण्याचा स्क्रू हवा. लायटरांसाठी आयएसओ ९९९४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात लायटर दीड मीटरवरून टाकून पाहतात आणि ६५ अंश उष्णतेत चार तास ठेवून पाहतात. भारतीय मानक ब्युरोनेही ते स्वीकारले आहे. सबब आयएसआय चिन्ह आहे की नाही ते पाहावे. दुकानातच पेटवून बोट उचलावे. ज्योत तत्काळ विझली पाहिजे. विझवून कानाशी धरावा. बारीकशी फुसफूस ऐकू आली तर तसाच परत करावा.

भरण्याची रीतही चुकते. आधी बुडाची झडप बारीक टोकाने दाबून आतील उरलेली हवा जाऊ द्यावी. ज्योतीचा स्क्रू कमीत कमीवर आणावा. मग लायटर उलटा धरून वरून गॅसचा डबा सरळ खाली दाबावा. हे घराबाहेर, विस्तवापासून दूर करावे आणि भरल्यावर निदान पाच मिनिटे पेटवू नये.

परंतु मामांचे काय? कापऱ्या अंगठ्याने ते चिमुकले चाक फिरेना. मी दुकाने पालथी घातली आणि वस्तू शेवटी सापडली ती देवघरातील मेणबत्त्या, अगरबत्त्या विकणाऱ्याकडे. लांब चोचीचा, मेणबत्ती पेटविण्याचा लायटर! मऊ ज्योत, भरता येणारा गॅस, बंदुकीसारखा घोडा. तो सगळ्या मुठीने दाबता येतो आणि ज्योत बोटांपासून वीतभर दूर राहते. त्यात खडा नसतो. आतला स्फटिक हातोडीच्या ठोक्याने दबतो आणि विजेची ठिणगी उडते. दाबामुळे स्फटिकात वीज निर्माण होते हे पिएर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखविले होते. आपल्या स्वयंपाकघरातील "टक्" करणारा लायटर त्याच तत्त्वाचा. किंमत दीडशेच्या आत. पावसाळ्यात ओल लागली की ठिणगी पडत नाही एवढाच दोष, म्हणून तो कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर.

मामांनी तो उलटसुलट पाहिला. "बाय, हा तर मेणबत्तीचा!" एवढेच म्हणाले. त्या रात्री चिरूट एका दमात पेटला. २ नोव्हेंबरला मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावावयास मी तोच लायटर घेऊन गेले आणि परत यावयास उशीर झाला. मामा ओटीवर न पेटविलेला चिरूट हातात धरून बसून होते, आणि काडेपेटी त्यांनी जवळ घेतली नव्हती.