दुरावलेल्या जर्बिलांची पुनर्भेट

मंगोलियातील जर्बिल हा उंदरासारखा चिमुकला प्राणी १९५४ साली अमेरिकेच्या प्रयोगशाळांत आला व पुढे तेथील घरांत रमला. उतारवयात त्याच्या पोटावरील गंधग्रंथीला कधी गाठ येते व शस्त्रक्रिया करावी लागते. खरी कसोटी त्यानंतरची! जर्बिल सोबत्याला वासावरून ओळखतो. औषधांचा दर्प घेऊन परतलेला सख्खा भाऊही त्याला परका वाटतो, आणि परक्याचा तो प्रसंगी जीवही घेतो. म्हणून आपण पिंजऱ्याच्या मध्यभागी तारेची बारीक जाळी बसवावी. जखम भरली की दोघांच्या जागा रोज अनेकदा बदलाव्यात. आठवडाभर तरी घाई नको. जाळीलगत दोघे निजू लागले म्हणजे जाड हातमोजे घालून त्यांना स्वच्छ, अपरिचित पिंजऱ्यात एकत्र सोडावे. एकमेकांना चाटू लागले तर उत्तम. झोंबून गडबडा लोळू लागले तर तत्क्षणी वेगळे करून जाळी पुन्हा बसवावी.