पास्त्रामीचा मसाला, सॅल्मनची तुकडी

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ईस्ट हाउस्टन स्ट्रीट या रस्त्यावर २०५ क्रमांकाला कॅट्झ डेलिकटेसन हे १८८८ पासूनची परंपरा सांगणारे खाद्यगृह आहे, आणि त्याच रस्त्यावर चार पावलांच्या अंतरावर, १७९ क्रमांकाला, रस अँड डॉटर्स हे १९१४ साली सुरू झालेल्या धंद्याचे दुकान आहे. पहिल्याची कीर्ती पास्त्रामीमुळे, म्हणजे मीठ-मसाल्यात मुरवून, धुरी देऊन आणि शेवटी वाफवून मऊ केलेल्या गोमांसामुळे झाली, तर दुसऱ्याची खारवलेल्या आणि धुरी दिलेल्या माशांमुळे. दोन्ही धंदे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या वस्तीत वाढले आणि दोहोंचे गिऱ्हाईकही बव्हंशी एकच होते. तरीही मांसाची दुकाने आणि माशांची दुकाने यांच्यात त्या वस्तीने काटेकोर अंतर राखले होते. पास्त्रामीचा मसाला लावलेला सॅल्मन हा पदार्थ आज अमेरिकेतील उपाहारगृहांत सहज मिळत असला, तरी त्याचे वेगळेपण या अंतराची ओळख करून घेतल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ज्यू धर्मातील आहारनियमांना कश्रुत म्हणतात. त्यातील एका नियमानुसार मांस आणि दूधदुभते एका जेवणात एकत्र येऊ शकत नाही, इतकेच नव्हे तर त्यांची भांडीही वेगळी ठेवावी लागतात. पर आणि खवले असलेला मासा मात्र या दोन्ही गटांबाहेरचा, म्हणजे ‘पारेव्ह’ किंवा तटस्थ मानला जातो, आणि म्हणून तो लोणी, साय, चीज यांच्यासह खाता येतो. मांसासोबत मासा शिजवू नये असाही एक जुना दंडक आहे. या नियमांमुळे न्यूयॉर्कमध्ये मांसाची दुकाने ‘डेलिकटेसन’ म्हणून आणि मासे व दूधदुभत्याची दुकाने ‘अ‍ॅपेटायझिंग’ म्हणून वेगवेगळी वाढली. पास्त्रामीला मोहरीची चटणी आणि राय या धान्याचा पाव यांची सोबत मिळाली, सॅल्मनला बेगेल हा मधोमध भोक असलेला पाव आणि क्रीम चीज यांची.

मराठी वाचकाला हे नियम अगदीच परके वाटू नयेत. कोकणातील बेने इस्राएल ही मराठी बोलणारी ज्यू जमात, जिला आजूबाजूचे लोक शनिवारी काम न करणारे तेली म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत, हेच नियम शतकानुशतके पाळत आली आहे. त्यांच्या मटणाच्या रश्शात दही-दुधाऐवजी नारळाचे दूध पडते ते याच कारणाने. बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी यांनी या जमातीच्या स्त्रियांना निरनिराळे मासे शिजवायला दिले असता त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले आणि त्यावरून ही माणसे ज्यू असल्याची त्यांची खात्री पटली, अशी आख्यायिका आहे. ऐतिहासिक पुरावा म्हणून ती कितपत टिकेल हा भाग वेगळा. एखाद्या समाजाची ओळख माशाच्या खवल्यावर ठरू शकते एवढे तरी ती सांगते.

पास्त्रामीचे मूळ मात्र ज्यू परंपरेच्याही बाहेरचे आहे. उस्मानी साम्राज्यात पास्तिर्मा नावाचे दाबून वाळवलेले गोमांस प्रचलित होते, आणि मेथ्यांची पूड, लसूण व लाल मिरची यांचा जाड लेप लावलेल्या या मांसासाठी मध्य तुर्कस्तानातील कायसेरी हे शहर आजही प्रसिद्ध आहे. साम्राज्याच्या प्रभावाखालील रोमानियात त्याच पद्धतीने बकऱ्या-मेंढ्यांचे मांस टिकवले जाई आणि तेथील ज्यू बदक-हंसाचे मांस वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमानियातून अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांनी ही रीत सोबत नेली. न्यूयॉर्कमध्ये हंसापेक्षा गाईच्या छाती-पोटाकडचे चरबीयुक्त मांस स्वस्त मिळत असल्याने तेथे ती गोमांसावर स्थिरावली. या प्रवासात मेथ्यांचा लेप गळाला आणि त्याच्या जागी मिरे, धणे, मोहरी, लसूण आणि पाप्रिका म्हणजे कमी तिखट लाल मिरचीची पूड अशी जाडसर भरड आली. म्हणजे पास्त्रामीचा प्राणी निदान दोनदा आणि मसाला एकदा बदलला. कायम राहिली ती केवळ मांस मीठ-मसाल्यात टिकवण्याची रीत. सॅल्मनवर हा मसाला चढवणे म्हणजे परंपरेशी केलेली धिटाई, असे काही खाद्यलेखक मानतात, पण इतिहास पाहता तसे म्हणायला फारसा आधार उरत नाही.

सॅल्मनची वाट याहून वेगळी आहे. पूर्व युरोपातील गरीब ज्यू कुटुंबाच्या ताटात हेरिंग असे, सॅल्मन क्वचितच. तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला तो अमेरिकेत, आणि तोही रेल्वेमुळे. १८६९ साली दोन्ही किनारे जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर कोलंबिया नदीसारख्या पश्चिमेकडील नद्यांतला पॅसिफिक सॅल्मन मोठमोठ्या लाकडी पिंपांत मिठात भरून पूर्वेकडे येऊ लागला. न्यूयॉर्कचे दुकानदार तो पाण्यात ठेवून त्याचे मीठ उतरवत आणि विकत; ‘लॉक्स’ म्हणून ओळखला गेलेला मूळ पदार्थ हाच, आणि त्याला धूर लागलेला नसे. शीतकरणाची सोय झाल्यावर टिकवण्यासाठी एवढ्या मिठाची गरज राहिली नाही आणि हलके मीठ लावून थंड धुरी दिलेला ‘नोव्हा’, ज्याचे नाव कॅनडातील नोव्हा स्कॉशिया या प्रांतावरून आले, तो लोकप्रिय झाला. १९७० च्या सुमारास नॉर्वेत समुद्रातील जाळ्यांत अटलांटिक सॅल्मन वाढवण्याचा धंदा यशस्वी झाला, आणि आज बाजारात मिळणारा बहुतेक धुरी दिलेला सॅल्मन अशा शेतीतलाच असतो.

हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचे श्रेय सहसा शेफ डेव्हिड बर्क यांना दिले जाते. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यू कॅफेमध्ये त्यांनी मीठ-साखरेत मुरवलेल्या सॅल्मनला मोलॅसिस (साखर करताना उरणारा दाट, गडद पाक) आणि पास्त्रामीचा मसाला लावून तो पातळ कापांत वाढायला सुरुवात केली, आणि पुढे माशांच्या पारंपरिक दुकानांनीही तो आपल्या फळीवर मांडला. या पदार्थामुळे जो मसाला आजवर दुधाच्या वाऱ्यालाही उभा राहू शकत नव्हता, तो कोणताही नियम न मोडता क्रीम चीजच्या शेजारी जाऊन बसला.

मात्र मसाला तोच म्हणून कृतीही तीच, असे समजणाऱ्याची निराशा होते. गोमांसाच्या छातीकडच्या भागात कोलॅजेन हे जोडऊतींतील चिवट प्रथिन भरपूर असते. त्याचे जिलेटिन होण्यासाठी तासन्‌तास उष्णता लागते, आणि म्हणूनच पास्त्रामी आधी कित्येक दिवस मुरवावी लागते, मग धुरवावी लागते आणि शेवटी वाफवावी लागते. माशाला स्वतःचे वजन पेलावे लागत नाही, ते पाणी पेलते. त्यामुळे त्याच्यातील कोलॅजेन थोडे आणि नाजूक असते, आणि साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच ते सैल होऊन मांसाचे पदर सुटू लागतात. सॅल्मनला वाफ दिली तर पास्त्रामी होत नाही, चुरा होतो. पास्त्रामीचा गुलाबी रंग नायट्राइट या क्षाराची मांसातील रंगद्रव्याशी क्रिया होऊन येतो, तर सॅल्मनचा रंग अ‍ॅस्टॅझँथिन या खाद्यातून आलेल्या रंगद्रव्याचा असतो आणि त्याला नायट्राइटची गरज नसते. अमेरिकेत धुरी दिलेल्या सॅल्मनमध्ये नायट्राइट दशलक्ष भागांत २०० भागांपर्यंत वापरण्यास मुभा आहे, पण तिथे त्याचे काम रंगाचे नसून जंतूंना आवरण्याचे आहे.

मुरवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मासा मीठ-साखरेच्या ढिगात गाडून ठरावीक तासांनी धुऊन काढतात. हात बसलेला माणूस ती निभावून नेतो, पण तुकडीची शेपटीकडची बाजू पातळ असल्याने ती खारट होते आणि मध्यभाग अळणी राहतो. दुसरीत मिठाचे प्रमाण माशाच्या वजनावर ठरवतात, आणि घरगुती प्रयोगासाठी तीच अधिक विश्वासाची आहे. कातडीसकट असलेल्या १ किलोच्या सलग तुकडीतले बारीक काटे चिमट्याने, ते ज्या दिशेला झुकलेले असतात त्याच दिशेला ओढून काढावेत. मग ३० ग्रॅम मीठ आणि १५ ग्रॅम साखर चोळून ती घट्ट बंद पिशवीत, ३ अंशांखालच्या तापमानात, दोन ते तीन दिवस ठेवावी आणि रोज उलटावी. सुटलेले पाणी टाकून द्यायचे नसते, कारण त्यातूनच मीठ सर्वत्र सारखे पसरते. शेवटी मासा दाबला असता बोटाला कच्च्या माशाची लिबलिब न लागता शिजवलेल्या सुरणासारखा घट्टपणा लागतो.

यानंतरचा टप्पा घाईत वगळला जातो आणि पदार्थ तिथेच फसतो. पुसून कोरडी केलेली तुकडी शीतकपाटात जाळीवर रात्रभर उघडी ठेवली की मिठाने पृष्ठभागावर आलेली प्रथिने वाळून एक चकचकीत, बोटाला किंचित चिकटणारा पापुद्रा धरतात. धुरातील द्रव्ये या पापुद्र्यावर सारखी बसतात. ओल्या पृष्ठभागावर मात्र ती पाण्यात विरघळून आंबट-कडू डाग पडतात. लाकडातील लिग्निन जळताना सुटणारी ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉल गटातील द्रव्ये धुराला त्याचा वास देतात आणि माशाचे तेल खवट होणेही लांबवतात, ज्याचे मोल सॅल्मनसारख्या तेलकट माशात विशेष आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर यासाठी आल्डर, स्कॉटलंडमध्ये ओक अशी लाकडे वापरतात. राळ असलेले पाइनसारखे लाकूड कटाक्षाने टाळतात.

मसाला धुरीआधी लावावा की नंतर, यावर एकमत नाही. आधी लावल्यास धणे-मिऱ्यांनाही धुराचा वास लागतो, पण जाड थर धुराला माशापर्यंत पोचू देत नाही. थंड धुरीच्या बाबतीत, जिथे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते आणि धूर आठ-दहा तास हळूहळू द्यायचा असतो, तिथे मसाला नंतर लावणेच सयुक्तिक वाटते. मिरे आणि त्याच्या दुप्पट धणे कोरडेच भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावेत, त्यात थोडी मोहरी, पाप्रिका आणि सुकी लसूणपूड मिसळावी. धण्यांच्या वासाचा मुख्य आधार असलेले लिनालूल जास्त भाजल्यास उडून जाते, म्हणून वास सुटताच तवा उतरवावा. मसाला चिकटवण्यासाठी मोलॅसिस लावतात. ते न मिळाल्यास दाट काकवी चालते, किंबहुना तिची चव अधिक सौम्य असल्याने माशाला ती बरी शोभते. बारीक पूड मात्र वापरू नये, कारण पास्त्रामीची ओळख तिच्या कडेला लागणाऱ्या करकरीतपणात आहे.

थंड धुरीत मासा शिजत नाही, ही गोष्ट विसरून चालत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विषारी जंतूचा माशांत आढळणारा ‘ई’ प्रकार ३.३ अंशांइतक्या थंडाव्यातही वाढू शकतो आणि त्याला हवा नको असते. अमेरिकेत १९६३ साली हवाबंद वेष्टनातल्या धुरी दिलेल्या गोड्या पाण्यातील माशांमुळे बळी गेले ते याच जंतूने. तेव्हापासून कडक झालेल्या नियमांनुसार हवाबंद वेष्टनातील अशा माशात पाण्याच्या हिशेबाने मीठ किमान ३.५ टक्के असावे लागते. हिशेब सोपा आहे: माशात शेकडा ६५ भाग पाणी आणि २.५ भाग मीठ असेल, तर २.५ ला ६७.५ ने भागून ३.७ टक्के येतात. वर दिलेल्या मापाने हे प्रमाण साधते, पण चवीसाठी मीठ कमी करू पाहणाऱ्याने हवाबंद साठवणीचा विचार सोडावा. अ‍ॅनिसाकिस या कृमीसाठी नैसर्गिक पाण्यातला मासा आधी उणे २० अंशांत सात दिवस गोठवतात. लिस्टेरिया हा जंतू शीतकपाटातही वाढत असल्याने गर्भवती स्त्रियांना थंड धुरीचा मासा न खाण्याचा सल्ला दिला जातो. गरम धुरीत माशाच्या आतले तापमान ६३ अंशांवर अर्धा तास राखले की यातील बहुतेक धास्ती मिटते, मात्र काप पारदर्शक न राहता पदर सुटणारा, शिजलेला मासा हाती येतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासे टिकवायला ऊन आणि मीठ पुरेसे पडले. बोंबील, सुकट, जवळा यांना धुराची गरज कधी भासली नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत बर्फाच्या मदतीशिवाय थंड धुरी जमणेही अवघड आहे. उपाहारगृहांत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून येणारा रावस सॅल्मनच्या कुळातला नाही आणि त्यात तेल बरेच कमी असते, त्यामुळे थंड धुरीत तो कोरडा पडतो. त्याला हा मसाला लावायचाच तर गरम धुरी द्यावी. खरा जवळचा पर्याय हिमाचल प्रदेश आणि काश्मीरमध्ये वाढवला जाणारा रेनबो ट्राउट आहे, कारण तो सॅल्मनच्याच कुळातला आहे. त्याची तुकडी लहान आणि पातळ असल्याने मुरवायला एक दिवस पुरतो.

कापण्याची रीतही दोन परंपरांत वेगळी आहे. पास्त्रामी जाड आणि उभी कापतात, नोव्हा लांब लवचीक सुरीने जवळजवळ आडवा आणि कागदासारखा पातळ. मसाला लावलेल्या सॅल्मनला मधला मार्ग लागतो: सुरी तिरकी धरून थोडा जाडसर काप घेतला की प्रत्येक कापाला एका कडेने काळी किनार येते, अगदी आडवा घेतला तर पहिल्या दोन-तीन कापांत सगळा मसाला निघून जातो आणि उरलेला मासा नुसता नोव्हा राहतो. क्रीम चीजसोबत मसाल्याचा तिखटपणा मवाळ होतो, रायच्या पावावर मोहरीसोबत तो उठून दिसतो. कापलेला मासा तीन-चार दिवसांत संपवावा. त्यानंतर मसाला ओल धरून पिचपिचीत होतो आणि धण्यांचा वास मावळतो.